मुळांना हवा हवी

सिंगापूरच्या मराठी घरांतून मला वर्षभर एकच प्रश्न येतो: ऑर्किड सुकतंय, पाणी कमी पडतंय का? झाड पाहिलं की बहुतेक वेळा उलटाच प्रकार निघतो. पानं सुरकुतून लोंबलेली आणि कुंडीत भरलेलं शेवाळ मात्र ओलंगच्च. मुळं कुजली की झाडाला पाणी उचलताच येत नाही. पाण्यात उभं असूनही ते तहानलेलं दिसतं. मग घरची मंडळी आणखी पाणी घालतात. तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालायची सवय असलेल्यांचं असं होतं, याचं मला नवल वाटत नाही.

आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी हीसुद्धा ऑर्किडच, म्हणजे आमरी. लोक तिला बांडगूळ समजतात, पण ती ज्या झाडावर बसते त्याचा थेंबभरही रस घेत नाही. तिची मुळं उघड्या हवेत असतात. सरीत भिजतात आणि लगेच सुकतात. त्यांच्यावर मृत पेशींचं जाडसर आवरण असतं, ते पाणी झटकन शोषून घेतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की आतला हिरवा रंग दिसू लागतो. मूळ हिरवं असेल तर हात आवरावा. रुपेरी झालं की सकाळी भरपूर पाणी द्यावं आणि ते पूर्ण निथळू द्यावं. फॅलेनॉप्सिस जातीच्या ऑर्किडच्या मधल्या कोंबात पाणी साचलं तर टिपून घ्यावं, नाहीतर झाड कोंबापासूनच सडतं.

चिनी नववर्षाला भेट मिळणारं फॅलेनॉप्सिस बहुधा शेवाळात घट्ट बसवलेलं असतं आणि वरून बिनभोकाच्या चिनी मातीच्या कुंडीत ठेवलेलं. इथल्या दमट हवेत ते शेवाळ सुकतच नाही. फुलं झडली की पहिलं काम कुंडी बदलण्याचं. कुंडीखाली बशी तर ठेवूच नये. साचल्या पाण्यात एडिस डास अंडी घालतो, आणि डेंग्यूच्या तपासणीला येणारे लोक त्यासाठी दंड करतात.

फुलं झडल्यानंतर नवी मुळं फुटू लागली की कुंडी बदलायची योग्य वेळ. झाड काढून शेवाळ बोटांनी हलकेच सोडवावं. मग एकेक मूळ चिमटीत दाबून पाहावं. जिवंत मूळ टणक लागतं. मेलेलं दाबलं की पाणी सुटतं, साल मोज्यासारखी निसटून येते आणि हातात नुसता तारेसारखा धागा उरतो. तेवढंच कापावं. कात्री प्रत्येक झाडासाठी आचेवर तापवून घ्यावी. सिंबिडियम मोझॅकसारखे विषाणू रसावाटे पसरतात आणि त्यांवर औषध नाही. मग बाजूंनाही भोकं असलेली मातीची कुंडी, मुळं जेमतेम मावतील एवढीच, आणि तिच्यात लाकडी कोळसा नि विटांचे तुकडे. झाड काठीला पक्कं बांधावं. ते हललं की नव्या मुळांची कोवळी टोकं घासून मरतात. कापलेल्या जागा सुकेपर्यंत तीन-चार दिवस पाणी नको. मोठी कुंडी घेण्याचा मोह मात्र मला सर्वांत घातक वाटतो. जास्तीचा माल ओलाच राहतो.

झाड निवडतानाही जागा पाहावी. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल व्हांडा मिस जोकिम हा इथल्याच अ‍ॅग्नेस जोकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतला संकर. त्याची नोंद 1893 साली छापून आली, राष्ट्रीय फुलाचा मान 1981 मध्ये मिळाला. त्याला दिवसभर कडक ऊन लागतं, त्यामुळे फ्लॅटच्या व्हरांड्यात तो रुसतो. इथल्या बोटॅनिक गार्डन्समध्ये एरिक हॉल्टम यांनी 1928 पासून काचेच्या बाटल्यांत बी रुजवून संकर घडवले. त्या कामामुळेच सखल, उष्ण प्रदेशात फुलणाऱ्या ऑर्किडांचा व्यवसाय इथे उभा राहिला. सकाळचं ऊन येणाऱ्या कॉरिडॉरसाठी मी डेंड्रोबियम सुचवते. ते इथल्या उकाड्यातही वर्षातून अनेकदा फुलतं.

फॅलेनॉप्सिसची गोष्ट वेगळी. फुलांचा दांडा निघायला त्याला काही आठवडे थोडा गारवा लागतो, साधारण 25 अंशांच्या खालचा, आणि सिंगापूरमध्ये तेवढा गारवा सहसा आठवडेच्या आठवडे टिकत नाही. निरोगी झाड नुसती पानंच काढत राहिलं तर रात्री एसी चालणाऱ्या खोलीत, उजेडाच्या खिडकीशी, पण थेट झोतापासून दूर ठेवून पाहावं. एसीची हवा कोरडी असते, म्हणून तिथे मुळं लवकर रुपेरी होतात आणि पाण्याची पाळी लवकर येते. दांडा बोटभर वाढला की झाड पुन्हा बाहेर आणलं तरी चालतं.