घर पुढे, गाडी मागे



खरसुंडीच्या किंवा म्हसवडच्या जत्रेला बैलगाडीने गेलेले एखादे म्हातारे माणूस अजून तुमच्या घरात असेल. त्यांना विचारा. गाडीत पीठमीठ, अंथरूण-पांघरूण, पोरेबाळे आणि गाडीच्या मागे दाव्याने बांधलेली दुभती शेळी. वाटेने ती शेळी नुसती अडचणच वाटायची. तिची किंमत कळायची मुक्कामावर पोचल्यावर, लहान पोराने दूध मागितले म्हणजे.

2024 च्या सप्टेंबरात मी अमेरिकेत गेलो, तेव्हा ही जत्रेची गाडी मला पुन्हा भेटली. फरक इतकाच, की गाडीच्या जागी चाकांवरचे अख्खे घर होते आणि शेळीच्या जागी एक जीपगाडी.

माझे थोरले बंधू 1985 साली नोकरीसाठी तिकडे गेले आणि तिकडचेच झाले. आयोवा नावाच्या मक्याच्या मुलखात त्यांची सारी नोकरी झाली. मुले आपापल्या वाटेला लागली, तेव्हा दादा-वहिनींनी राहते घर विकले आणि एक मोटरहोम घेतले. मोटरहोम म्हणजे घर आणि मोटार एकाच सांगाड्यावर. लांबी तीस फूट, रुंदी साडेआठ फूट. आत गॅसची शेगडी, फ्रीज, पलंग, न्हाणी, संडास सारे काही. एका कपाटात वहिनींचे देव. ज्वारीचे पीठ डब्यात. गाडी उभी केली की बटण दाबून एका बाजूची भिंत बाहेर सरकते आणि खोली मोठी होते.

मी अर्जित रजा काढून तिकडे गेलो तो काही नुसता हिंडायला नव्हे. आमच्या माणदेशातल्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारावर दादाचे नाव माझ्याबरोबर आहे. माझ्या मुलाला तिथे डाळिंब लावायचे आहे. बँकेत गेला, तर साहेब म्हणाले, सहहिस्सेदाराची संमती आणा. ती आणायची तर दादाचे मुखत्यारपत्र हवे. त्याचा मसुदा माझ्या बॅगेत घडी घालून ठेवला होता. फोनवर हा विषय काढण्याचे धाडस मला झाले नव्हते. भावाभावांत जमिनीचा विषय किती जड असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आधी ही मागची गाडी कशी बांधतात ते सांगतो, कारण मलाही तेच पहिल्यांदा बघायचे होते.

मुक्कामाच्या जागी मोटरहोम उभे केले, की त्याला विजेची वायर, पाण्याची नळी आणि सांडपाण्याचा पाइप जोडतात. चारी बाजूंनी टेकू लावून घर समतल करतात. एवढे झाल्यावर शेरभर दूध आणायचे म्हटले, तर अख्खे बिऱ्हाड मोडावे लागेल. शिवाय ते धूड बाजारात उभे कुठे करणार? म्हणून लोक मागे लहान मोटार ओढत नेतात. मोठ्या गाडीत राहायचे, लहान गाडीने कामे उरकायची.

दादाची जीप आपल्या चारी चाकांवरच मागून येते. तिच्या पुढच्या बाजूला सांगाड्याला पक्की लोखंडी बैठक बसवलेली आहे. मोटरहोमच्या मागच्या आकड्यापासून त्या बैठकीपर्यंत फाळक्यासारखी दुबेळकी असलेली पोलादी दांडी येते. ती खिळींनी अडकवायची. तिच्याखालून दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावायच्या, म्हणजे दांडी निसटलीच तरी गाडी धरून राहील. मग विजेची वायर जोडायची, म्हणजे पुढच्या गाडीचा ब्रेक दाबला की मागच्या गाडीचाही लाल दिवा लागतो. मागच्या गाडीत ब्रेकवर दाब देणारे एक यंत्रही बसवतात. जीपचे वजन अठराशे किलोच्या आसपास. उतारावर एवढे वजन मागून रेटू लागले, तर एकट्या पुढच्या ब्रेकवर भरवसा ठेवता येत नाही. बैलगाडी उताराला लागली, की जू बैलांच्या मानेवर कसे येते ते आठवा. आणखी एक बारीक तार असते. जोड तुटून गाडी सुटलीच, तर ती तार ओढली जाऊन मागच्या गाडीचे ब्रेक आपोआप लागतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी. कोणतीही मोटार अशी ओढता येत नाही. पुष्कळ गाड्यांत गिअरपेटीत तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाके फिरताहेत, अशी शेकडो मैलांची ओढ झाली, तर आतले दाते कोरडेच झिजतात. या जीपला चाकांचा आणि गिअरपेटीचा संबंध तोडणारा एक वेगळा दांडा आहे, म्हणून ती चालते. गाडीबरोबर आलेले पुस्तक आधी वाचायचे, हा तिथला दंडक. आपल्याकडे पंप बसवल्यावर पुस्तक कोनाड्यात जाते, हे मी गावोगाव पाहिले आहे.

आणि सगळ्यांत मोठा नियम : अशी जोडलेली गाडी मागे घेता येत नाही. चार पावले रिव्हर्स घेतले, तरी मागच्या मोटारीची पुढची चाके आडवी होतात आणि दांडी वाकते. म्हणून कुठेही वळण्याआधी बघायचे, की पुढून बाहेर पडायला वाट आहे का.

हा नियम मी ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी विसरलो. ती गोष्ट पुढे येईलच.

पहिला थांबा होता फॉरेस्ट सिटी, आयोवा राज्यातलेच एक लहान गाव. 1958 साली, शेतीच्या भागातल्या या गावाचा धंदा मंदावला, तेव्हा जॉन हॅन्सन नावाच्या फर्निचरच्या व्यापाऱ्याने चार गावकऱ्यांना पुढे घालून बाहेरच्या एका कंपनीला ट्रेलर बनवण्याचा कारखाना गावात काढायला लावले. पुढे गावकऱ्यांनीच तो विकत घेतला. त्यातूनच विनेबागो कंपनी उभी राहिली आणि 1966 पासून मोटरहोम बनवू लागली. रस्त्याच्या दोहो बाजूंना मका वाळत उभा आणि मधे हा कारखाना. शेतकऱ्यांच्या पोरांना गावात काम मिळाले. आपल्या साखर कारखान्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

तिथून उत्तरेला जाऊन आम्ही 90 क्रमांकाचा महामार्ग धरला आणि पश्चिमेला साउथ डकोटा राज्यात शिरलो. तिथल्या मिचेल गावात मक्याचा राजवाडा आहे. 1892 साली पहिला बांधला, सध्याची इमारत 1921 ची. तिच्या भिंतींवरची मोठमोठी चित्रे खऱ्या मक्याच्या कणसांची असतात. लाल, पिवळी, पांढरी, काळपट कणसे उभी चिरून खिळ्यांनी ठोकलेली. रंग दिलेला नसतो, कणसाचा मूळचाच रंग. त्यासाठी निरनिराळ्या रंगांचा मका मुद्दाम वेगवेगळ्या तुकड्यांत पेरतात. मी कणसे मोजत बसलो, आणि वहिनी हसून म्हणाल्या, "भाऊजी, रजेवर आहात तुम्ही!"

मिचेल सोडल्यावर दादा म्हणाला, पेट्रोल घेऊ. नकाशा माझ्या हातात होता. एका खेड्यातला लहानसा पंप दिसला आणि मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "घे उजवीकडे." दादाने माझ्या शब्दावर गाडी वळवली. आत गेल्यावर कळले, की पंपाच्या पुढे भिंत आहे आणि बाहेर पडायची वाट तीच, जिथून आलो ती. पुढे तीस फूट घर, मागे जीप आणि तिच्याही मागे तोंड पसरून उभा राहिलेला एक धान्याचा ट्रक.

दादा काही बोलला नाही. खाली उतरून त्याने जीप सोडवायला घेतली. पण गाडी वाकड्यात उभी असल्याने दांडीवर ताण आला होता आणि खिळ निघेना. मी हातोडी घेऊन ठोकू लागलो. तेवढ्यात ट्रकमधला शेतकरी उतरला. साठीतला, डोक्याला टोपी, हाताला ग्रीस. त्याने मला हातानेच थांबवले, जीपमध्ये बसून तिचे चाक किंचित वळवले आणि वीतभर पुढे घेतली. ताण गेला. खिळ दोन बोटांनी निघाली. ताण असताना ठोकायचे नसते, ही गोष्ट त्याने एक शब्द न बोलता मला शिकवली. मग त्याने ट्रक मागे घेतला, दादाने मोटरहोम मागे घेतले, आणि अर्ध्या तासाने आम्ही वाटेला लागलो.

चेंबरलेन गावापाशी मिसूरी नदी लागते. नदी नव्हेच, धरणाने अडवलेला समुद्रच. काठावरच्या टेकडीवर एका आदिवासी स्त्रीचा पन्नास फुटी पोलादी पुतळा आहे. तिथल्या मूळच्या लाकोटा आणि डकोटा लोकांच्या सन्मानासाठी तो 2016 साली उभारला. ही सारी जमीन कधीकाळी त्यांची होती. पुतळ्यापुढे उभे राहून मला माझ्या बॅगेतला कागद आठवला आणि मनात चलबिचल झाली.

नदी ओलांडली, की मुलूखच पालटतो. मका-सोयाबीन मागे राहतात, गवताची कुरणे, गुरांचे कळप आणि गव्हाची रिकामी राने सुरू होतात. कारण पाऊस. आयोवात वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पश्चिमेकडे जाता जाता तो चारशेवर येतो, म्हणजे आमच्या माणदेशाएवढाच. तिथल्या शेतकऱ्याने जिथे पाणी नाही तिथे नांगर घालण्याऐवजी गवत राखले आणि जनावर धरले. ज्यांनी पूर्वी कोरड्या रानात नांगर घातला, त्यांची माती 1930 च्या दशकात वाऱ्याने उडून गेली.

पुढे वॉल गावाजवळ बॅडलँड्सचे राष्ट्रीय उद्यान आहे. मोटरहोम मुक्कामावर ठेवून आम्ही जीपने गेलो. गुलाबी-पिवळ्या पट्ट्यांच्या मातीच्या उघड्याबोडक्या डोंगररांगा. त्या वर्षाला सरासरी इंचभर झिजतात असे तिथले जाणकार सांगतात. धुपीवर मी गावोगाव भाषणे दिली, पण धूप म्हणजे काय ते मला त्या कड्यावर उभे राहून कळले.

शेवटचा मुक्काम कस्टर भागातल्या डोंगरात. तिथला नीडल्स हायवे 1922 साली पुरा झाला. त्यावर खडक फोडून केलेला एक बोगदा आहे, रुंदी फक्त आठ फुटांच्या आसपास. आमचे घर साडेआठ फूट. म्हणजे ते वाटेतच अडकले असते. जीप मात्र आरशांना बोट न लागता पलीकडे गेली. मागून निमूट आलेल्या शेळीने असे दूध दिले!

त्या रात्री थंडी पडली होती. वहिनींनी पिठले-भाकरी केली. जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "तो कागद काढ आता."

मी चपापलो. "कुठला कागद?"

"आठ दिवस बॅग उघडतोस नि झाकतोस. मला कळत नाही होय?"

मी कागद पुढे ठेवला. मुलाचे डाळिंब, बँकेचे म्हणणे, सारे भडाभडा सांगून टाकले. दादाने चष्मा लावून मसुदा दोनदा वाचला. मग म्हणाला, "माझा पत्ता म्हणून आता टपालाची एक पेटी आहे. घर हे असे चाकांवर. सातबारावर माझे नाव आहे, तेवढाच मला जमिनीचा आधार वाटत होता. म्हणून मीही हा विषय काढत नव्हतो. पण त्या नावापायी पोराची बाग अडत असेल, तर ते चुकीचे आहे. कसणाऱ्याच्या हातात असू दे."

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग वहिनी म्हणाल्या, "विहिरीजवळ दोन खोल्यांपुरती जागा मात्र ठेवा, भाऊजी. हे किती दिवस चाक धरणार?"

"ते कागदातच लिहू," मी म्हणालो आणि तिथल्या तिथे, त्या घडीच्या टेबलावर, मसुद्यात तेवढी ओळ घातली. परतल्यावर वकिलातीकडून सहीचे साक्षांकन करून कागद माझ्याबरोबर आला. यंदा बाग धरली आहे. विहिरीच्या उगवतीला चार गुंठे मोकळे सोडले आहेत. तिथे काही लावायचे नाही, असे मुलाला बजावले आहे.

बंधुभगिनींनो, मोटरहोम घ्या असे मी तुम्हाला सांगत नाही. पेट्रोल लिटरला तीन-साडेतीन किलोमीटर, ते आपले काम नव्हे. पण निघण्याआधी दादा रोज सकाळी गाडीभोवती एक फेरी घालायचा. खिळ, साखळी, वायर, हँडब्रेक, टायर, एकेकाला हात लावून. मागचा टायर बसला तरी पुढे बसलेल्याला कळत नाही, म्हणून. तुमच्या ट्रॉलीला उसाच्या हंगामात अशी फेरी रोज घाला. पुढच्या माणसाला कळत नाही, ते मागे येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

आणि घरातला भाऊ मुंबईला असो की अमेरिकेला, जमिनीचा कागद दोघेही धडधाकट आहेत तोवर समोरासमोर बसून करून टाका. ताण पडल्यावर हातोडी घेऊन बसू नका. वीतभर कोणीतरी पुढे सरकले, की खिळ दोन बोटांनी निघते.