आठ खुर्च्यांचा हिशेब

गेवराई तालुक्यांतील चकलांबा येथें आमच्या कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं एका भाड्याच्या खोलींत संगणकावर एकत्र खेळण्याची सोय करण्याचें योजिलें आणि सामानाच्या निवडीसाठीं आमचा सल्ला मागितला. शिक्षकास या खेळांतलें काय कळणार, असें पालकांस वाटेल. परंतु प्रश्न खेळाचा नव्हताच, तो त्रैराशिकाचा होता. त्यांपैकीं दोघांच्या घरचा पैसा ऊसतोडीचा. त्यांतील एक रुपयाही शोभेसाठीं जाऊं नये, एवढेंच आम्हांस वाटत होतें.

त्यांनीं आणलेल्या यादींत दोन यंत्रें राजेशाही होतीं : कांचेची पेटी, आंत रंगीत दिवे, निराळें ग्राफिक्स कार्ड. उरलेल्या सहा जागांस मिळेल तें जुनें. आमचा पहिला आक्षेप येथेंच होता. याकोबानें एकट्या योसेफास सुंदर झगा करून दिला आणि पुढें त्या घरांत काय झालें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. एकाच डावांत दोघांच्या पडद्यावर चित्र झरझर चाललें आणि सहा जणांच्या पडद्यावर अडखळलें, तर खेळ राहतो बाजूस आणि खुर्चीचें भांडण सुरू होतें. सर्व यंत्रें सारखीं असावीं. मग तीं साधीं कां असेनात.

ज्या प्रोसेसरांतच चित्र काढण्याची शक्ति असते, त्यावर हलके खेळ चांगले चालतात व निराळ्या कार्डाचा खर्च वांचतो. मात्र असा प्रोसेसर चित्रासाठीं यंत्राचीच रॅम वापरतो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षां ८ जीबीच्या दोन घ्याव्या. दोन वाटांनीं माहिती वाहूं लागली कीं फरक डोळ्यांस दिसतो. कचेऱ्यांतून निघालेले जुने संगणक स्वस्त मिळतात. ते घेण्यास हरकत नाहीं, पण प्रोसेसर कितव्या पिढीचा, हें दुकानदारास आधीं विचारावें. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणें चालत नाहीं. तेथें लिनक्स घालावें. सुपरटक्सकार्ट ही गाड्यांची शर्यत किंवा झीरो ए.डी. हा प्राचीन राज्यांचा खेळ त्यावर आठ जणांस एकत्र खेळतां येतो, आणि दोहोंस दमडीही पडत नाहीं.

जोडणीसाठीं मंडळी वायफायवर विसंबून होती. एका खोलींत आठ यंत्रें हवेंतून बोलूं लागलीं कीं प्रत्येकास पाळी पाहावी लागते. त्यापेक्षां तार बरी. तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते, आणि ही खोली तर दहा पावलांची! पुढें एक मौज झाली. आठ यंत्रें म्हणून आठ तोंडांचा स्विच यादींत होता, "मग इंटरनेटची तार कोठें खोवणार?" असें विचारतांच सर्व जण एकमेकांकडे पाहूं लागले. सोळा तोंडांचा लिहिला गेला, तोही गिगाबिट. खेळास इतका वेग लागत नाहीं. पण ३० जीबीचा खेळ एका यंत्रांतून दुसऱ्यांत नेण्यास १०० मेगाबिटच्या स्विचवर ४० मिनिटें तरी जातात, गिगाबिटवर तें काम पुष्कळच लवकर उरकतें.

विजेसाठीं मात्र यादींत एक ओळही नव्हती, याचें आम्हांस नवल वाटलें. आठ यंत्रें व पडदे मिळून सुमारें १ किलोवॅट धरावें. म्हणजे वैशाखांत, बाहेर पारा चाळिशीपार असतां, खोलींत विजेची शेगडी पेटवून बसण्यासारखेंच. तेव्हां अर्थिंग, इन्व्हर्टर आणि हवा बाहेर टाकणारा पंखा यांचा पैसा आधीं बाजूस काढावा, उरेल त्यांत यंत्रें बसवावीं.

पालकांसाठीं एक खुलासा. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी करणारा कायदा संसदेनें ऑगस्ट २०२५ मध्यें केला आहे. या खोलींत तसला खेळ नाहीं. घरोघरीं मुलें मोबाइल घेऊन कोपऱ्यांत एकटीं खेळतात, त्यापेक्षां हरलेला व जिंकलेला शेजारीं शेजारीं बसलेले आम्हांस अधिक आवडतील.

दोन्ही कांचेच्या पेट्या यादींतून गेल्या. "सर, रंगीत दिव्यांची एक पट्टी तरी?" असें त्यांतील धाकट्यानें हळूच विचारलें. ती बाहेर दारावर लावावी, असें ठरलें.