परिशिष्टातला तारा

'संशोधन' या शब्दाच्या मुळाशी शुद्ध करणे, निवडून स्वच्छ करणे हा अर्थ आहे. हिंदीत आजही संशोधन म्हणजे दुरुस्ती. संसदेत घटनेत होते ती. मराठीने मात्र हा शब्द ज्ञानाच्या शोधासाठी राखून ठेवला. त्यामुळे आपल्या या एका शब्दात दोन विरुद्ध दिशांच्या क्रिया नांदतात: नवे शोधणे आणि नको ते काढून टाकणे. साहित्याचा अध्यापक आणि पीएच.डी.चा मार्गदर्शक म्हणून या दोहोंमधला ताण मला सतत जाणवतो. कचरा कोणता आणि शोध कोणता, हे कोणी ठरवायचे आणि केव्हा? या प्रश्नापाशी आलो की मला साहित्यातल्या एखाद्या प्रबंधाची नव्हे, तर केंब्रिज विद्यापीठातल्या एका खगोलविज्ञानाच्या प्रबंधाची आठवण होते.

जोसेलिन बेल १९६५ साली केंब्रिजमध्ये संशोधक विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. मार्गदर्शक होते अँटनी ह्युइश. दूरवरचे रेडिओस्रोत सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे लुकलुकतात. त्या लुकलुकण्यावरून क्वेसार ओळखायचे आणि त्यांचा आकार मोजायचा, असा तिचा विषय. पण त्यासाठी लागणारी दुर्बीण अस्तित्वातच नव्हती. ती आधी बांधायची होती. मोठ्या विद्यापीठातले विज्ञान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर समीकरणांनी भरलेला फळा येतो. प्रत्यक्षात या मुलीची पहिली दोन वर्षे साडेचार एकरांच्या शेतात सहकाऱ्यांसोबत घण मारून खांब रोवण्यात, तारा ताणण्यात आणि जोडण्या करण्यात गेली. तयार झाली ती दुर्बीण आपल्या कल्पनेतल्या नळीसारखी नव्हती, तबकडीसारखीही नव्हती. दोन हजारांहून अधिक द्विध्रुवी अँटेनांचे ते एक शेतच होते.

जुलै १९६७ मध्ये ते शेत पिकू लागले. पीक आले कागदाचे. नोंदणीयंत्राच्या लेखण्या रोज सुमारे शंभर फूट कागदावर रेघा ओढत आणि तो कागद एकटी बेल डोळ्यांनी वाचत असे. हे काम संगणकाकडे न देण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. दुर्बीण नवी होती. तिच्या सवयी माहीत होईपर्यंत नोंदी माणसाने पाहाव्यात असे ठरले होते. शिवाय निरनिराळ्या स्वभावाचे संकेत माणूस ओळखतो. ते ओळखण्याची रीत यंत्राला शिकवणे तेव्हा अवघड होते. काही आठवड्यांत तिला क्वेसारची रेघ कशी दिसते ते कळले आणि पृथ्वीवरच्या यंत्रांचा उपद्रव कसा दिसतो तेही कळले. मग ऑगस्टमध्ये एक विस्कटलेली खूण दिसली. शेकडो फूट कागदात ती इंचभरही नव्हती. ती क्वेसारसारखी नव्हती आणि उपद्रवासारखीही नव्हती. अशी खूण आपण आधी कुठेतरी पाहिली आहे, एवढेच तिला आठवले. मागच्या गुंडाळ्या उलगडल्यावर ती आकाशाच्या त्याच भागातून आल्याचे आढळले.

साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. हे आपल्या ओळखीचे काम आहे. संहितेत न बसणारा शब्द अडखळवतो, तो दुसऱ्यांदा भेटतो आणि आपण मागची पाने उलटतो. बेलने केले ते निकटवाचनच होते. तिची संहिता मात्र कोणी लिहिलेली नव्हती.

नोव्हेंबरच्या अखेरीस कागद वेगाने फिरवून तीच खूण पसरट करून पाहिली, तेव्हा सुमारे १.३ सेकंदांच्या नेमक्या अंतराने येणारे ठोके दिसले. मार्गदर्शकांची पहिली प्रतिक्रिया, हा मानवनिर्मित संकेत असणार, अशी होती. काही दिवस 'छोट्या हिरव्या माणसां'च्या नावाने थट्टाही चालली. डिसेंबरमध्ये नाताळाच्या तोंडावर बेललाच आकाशाच्या अगदी वेगळ्या भागात असाच दुसरा स्रोत सापडला आणि परग्रहावरच्या माणसांची कल्पना मागे पडली. फेब्रुवारी १९६८ मध्ये 'नेचर'मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. लेखक पाच होते. पहिले नाव ह्युइश यांचे, दुसरे बेलचे. हे पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे, हे लवकरच स्पष्ट झाले: वस्तुमान सूर्याहून जास्त आणि व्यास जेमतेम वीस किलोमीटर.

आणि प्रबंध? तो ठरल्याप्रमाणे रेडिओस्रोतांच्या व्यासांवरच लिहिला गेला. विसाव्या शतकातल्या खगोलविज्ञानाचा एक मोठा शोध त्याच्या परिशिष्टात गेला.

१९७४ चे नोबेल पारितोषिक ह्युइश आणि मार्टिन राइल यांना मिळाले, बेलला नाही. आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल यांनी यावर जाहीर टीका केली. खुद्द बेलने मात्र १९७७ साली, अपवाद वगळता विद्यार्थ्यांना नोबेल देऊ नये, प्रकल्पाच्या यशापयशाची जबाबदारी मार्गदर्शकाची असते, अशी भूमिका घेतली. हे औदार्य मला थोडे अस्वस्थ करते. जबाबदारी मार्गदर्शकाची, हे मान्य. पण त्या खुणेशी अडखळण्याची जबाबदारी कोणी तिच्यावर टाकलेली नव्हती. ती तिने आपणहून घेतली. २०१८ मध्ये तिला तीस लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. ती सगळी रक्कम तिने भौतिकशास्त्रातल्या, संधी कमी मिळणाऱ्या गटांतल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दिली. त्यात मला तिच्या जुन्या भूमिकेला तिनेच जोडलेली एक टीप दिसते.

माझी एक विद्यार्थिनी जुन्या मासिकांतून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांच्या कथनतंत्रावर काम करत होती. बांधीव खंडांची पाने उलटताना वाचकांच्या पत्रव्यवहारात तिला एक सही पुन्हा पुन्हा दिसू लागली. एका लहान गावातली ही बाई आरंभी नुसती वाहवा करणारी पत्रे लिहीत असे. पुढे ती शंका विचारू लागली आणि काही वर्षांनी थेट लेखकाशी वाद घालू लागली. एक वाचक समीक्षक होत गेल्याचा आलेख तिथे विखुरलेला होता. प्रगती-अहवालाच्या बैठकीत समितीने सांगितले की हे विषयाच्या चौकटीत बसत नाही. समितीचे म्हणणे नियमाला धरूनच होते आणि त्यात आकस नव्हता. ते पंधरा पानांचे टिपण परिशिष्टात गेले. आज ते खंड संगणकावर असते, तर तिने कादंबऱ्यांची नावे शोधली असती, नेमकी पाने मिळवली असती आणि ही बाई तिला कधीच भेटली नसती.

यंत्राला दोष देण्याचा हेतू नाही. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या तीस तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. पल्सारचा अभ्यास हे तिच्या मुख्य कामांपैकी एक. तिच्यातून येणारी माहिती कागदाच्या गुंडाळ्यांवर वाचणे कोणाही माणसाला शक्य नाही. तिथे चाळणी हवीच. पण चाळणीची छिद्रे केवढी ठेवायची हे माणूस ठरवतो, आणि ठरवताना त्याला आपण काय शोधतो आहोत एवढेच माहीत असते. जे शोधायचे हे ठाऊक नव्हते, ते खाली पडते.

शुद्ध करणे आणि शोधणे यांतला ताण कोणत्याही विद्यापीठाला टाळता येणार नाही. विषय, चौकट, मुदत यांच्याविना साडेचार एकरांचे ते शेतही उभे राहिले नसते. मात्र त्या सगळ्या व्यवस्थेच्या टोकाशी एकटीने कागद वाचणारी एक व्यक्ती असते. तिच्या अडखळण्यासाठी व्यवस्थेने थोडी जागा आणि थोडा वेळ शिल्लक ठेवला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे.

अलीकडे माझ्याकडे प्रबंध तपासायला आला की मी अनुक्रमणिका पाहतो आणि थेट परिशिष्ट उघडतो. बहुतेक वेळा तिथे तक्तेच असतात.