पानी

शिकागोत ग्रीन मिल नावाचा बार आहे. बांधकामावर राबलेल्या मार्क स्मिथनं १९८६ साली तिथं कवितेचा फड लावला. आधी माईक सगळ्यांना खुला. नाव द्यायचं, पाळी आली की उठायचं. मग स्पर्धा. परीक्षक ऐकणाऱ्यांतलेच उचललेले.

मी एकदाच मंचावर वाचलं. पहिल्याच ओळीला साहेब म्हणाले, 'पानी नव्हे, पाणी.' लोक हसले. कविता पाणवठ्याची होती. ती तशीच घडी करून गिरणीत पाळीवर गेलो.

बार मला नको. गुत्त्यानं माझा बाप खाल्ला. पण तो माईक पायजे. दोस्तांनो, शनवारी रात्री विहाराच्या ओट्यावर या. वही घेऊन बसतो. पानी म्हणा, नायतर पाणी. तहान कळली म्हंजे झालं.