गिग्लिओच्या खडकाने शिकवलेले

इटलीच्या पश्चिम किनाऱ्याजवळ गिग्लिओ नावाचे छोटेसे बेट आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे आलिशान प्रवासी जहाज नेहमीची वाट सोडून या बेटाच्या फार जवळ आले, खडकावर आपटले आणि कलंडले. जहाजावर चार हजारांहून अधिक माणसे होती. ३२ जण दगावले. त्यांत पोटासाठी परमुलखात गेलेला एक भारतीय वेटरही होता. त्याचे अवशेष सापडले ते २०१४ साली, जहाज तोडताना. कप्तान मात्र प्रवाशांना मागे सोडून उतरला होता. त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली.

त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुटकेची कवायत झालीच नव्हती. तेव्हाच्या नियमाने ती २४ तासांत घेतली तरी चाले. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच ती सक्तीची झाली.

२०२४ पासून ३६५ मीटर लांबीचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ समुद्रावर फिरते आहे. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचने जाणारी माणसे. पण जहाज असो की लाँच, बसताच जाकीट कुठे आहे ते विचारावे, मुलाबाळांना बांधून दाखवावे. जिवाची चौकशी करण्यात लाज कसली?