वाटाड्याची निवड

पूर्वी आमच्याकडे प्रवासाला निघताना शिदोरी, पाण्याचा तांब्या आणि वळकटी यांची तयारी घरून होत असे. वाटाड्याची मात्र कधी होत नसे. तो वाटेतच भेटे. बांधावरचा गुराखी, पाटलाच्या ओसरीवरचा म्हातारा, आणि पुढे आमच्या नोकरीच्या काळात जीपमध्ये चालकाशेजारी बसणारा पटवारी, हे आमचे वाटाडे. आता वाटाड्या खिशात असतो, आणि तोही एक नव्हे. दहा-बारा जण उमेदवारीला उभे असतात. त्यांतून एकाची निवड करण्याचा प्रसंग आमच्यावर आला, त्याची ही हकीकत.

प्रसंग आणला आमच्या पुतण्याने. त्याने फोर-व्हील ड्राइव्हची थार घेतली आणि तेव्हापासून डांबरी रस्ता त्याला गोड लागेनासा झाला. “काका, गाडी मी चालवतो, नकाशा तुम्ही बघायचा,” असे म्हणून त्याने ते खाते आमच्याकडे सोपवले. सेवानिवृत्त माणसाला कोणतेही खाते मिळाले तरी आनंदच होतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फोनला रेंज नसली की नकाशा बंद, असे आमच्या वयाचे पुष्कळजण धरून चालतात. वस्तुतः आपण कोठे आहोत हे फोन उपग्रहांच्या संकेतांवरून काढतो. मोबाइलचा मनोरा जवळ नसला तरी त्याचे अडत नाही. अडते ते नकाशावाचून. तो घरून निघतानाच फोनमध्ये उतरवून घेतलेला नसेल, तर कोऱ्या पडद्यावर एक निळा ठिपका तेवढा दिमाखात उभा राहतो.

उमेदवारांचे म्हणाल, तर गूगल मॅप्स शहरात आणि महामार्गावर उत्तम. त्यातही ठरावीक प्रदेश उतरवून घेता येतो. परंतु त्याचे लक्ष मुख्यतः मोटारीच्या रस्त्यांवर, रानातली गाडीवाट त्याला फारशी परिचित नाही. मॅपल्स हे मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचे ॲप. आपल्याकडचे पत्ते त्याला चांगले उमगतात. अमेरिकेत आडवाटांनी गाडी नेणारी मंडळी गाया जीपीएस आणि ऑनएक्स ऑफरोड यांची नावे घेतात. तथापि वर्गणी भरून मिळणारी सरकारी जमिनींची व वनवाटांची त्यांची माहिती प्रामुख्याने तिकडचीच. निमाडात ती काय कामाची?

उरली ऑसमँड आणि ऑरगॅनिक मॅप्स. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या सामायिक नकाशावर उभी आहेत. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या या उपक्रमाचे तत्त्व सोपे आहे: ज्याला वाट ठाऊक असेल त्याने ती नोंदवावी. घट्ट बांधलेल्या वाटेपासून भुसभुशीत मातीच्या वाटेपर्यंत गाडीवाटांचे पाच दर्जे त्यात दाखवता येतात. ऑरगॅनिक मॅप्स साधे, विनामूल्य आणि जाहिरातींवाचूनचे. ऑसमँड म्हणजे आमच्या कचेरीतले जुने कपाट. आत सर्व काही आहे, फक्त कोणत्या खणात आहे ते शोधावे लागते.

हा सगळा अभ्यास आम्ही नंतर केला. पहिल्या स्वारीला निघालो तेव्हा पुतण्याच्या फोनवर एक देखणे ॲप होते आणि आमच्या मनात भरपूर आत्मविश्वास होता.

दसरा नुकताच झाला होता. इंदूरहून खंडव्यामार्गे हरसूदच्या बाजूला जाण्याचे ठरले. हरसूद गाव २००४ साली इंदिरा सागर धरणासाठी उठले, हे वाचकांना स्मरत असेल. नोकरीच्या प्रारंभीची आमची दोन वर्षे त्या भागात गेली होती. तिथल्या एका ओळखीच्या रस्त्याने जलाशयाच्या काठापर्यंत जावे आणि सौ.ना तो मुलूख दाखवावा, अशी आमची हौस. देखण्या ॲपवर तो रस्ता स्पष्ट होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचा, किलोमीटरला दोन सेंटिमीटर या प्रमाणाचा एक जुना नकाशा आम्ही जपून ठेवला आहे, त्यावरही होता. आमच्या स्मरणात तर होताच. तीन साक्षीदार एकमुखाने बोलू लागल्यावर कोणता अधिकारी शंका घेईल?

चौथा साक्षीदार वाटेत भेटला. बैल घेऊन परतणाऱ्या एका शेतकऱ्याने हात करून गाडी थांबवली आणि म्हणाला, “साहब, आगे पानी है. मई में आना.” आम्ही हसून त्याचे आभार मानले आणि पुढे निघालो. इतक्या अलीकडे पाणी येत असेल, हे आम्हाला पटलेच नाही.

दीड-दोन किलोमीटरवर पाणी आले. रस्ता वळला नाही की संपला नाही. तो सरळ पाण्यात उतरला होता. कडेच्या बाभळी आधी गुडघाभर पाण्यात, मग कमरभर, आणि त्यापुढे नुसते शेंडे. गाडी वळवताना मागची चाके काळ्या मातीत बसली. दिवस मावळत होता, फोनला रेंज नव्हती. सौ. खाली उतरल्या, पदर खोचून दगड आणि वाळक्या फांद्या गोळा करू लागल्या. “त्यानं सांगितलं होतं तुम्हाला,” एवढेच त्या म्हणाल्या. पण त्या स्वरात आमच्या तीस वर्षांच्या नोकरीचा गोपनीय अहवाल लिहिला गेला.

गाडी निघाली तेव्हा पूर्ण अंधार झाला होता. परतीच्या वाटेला फाटे अनेक, आणि अंधारात सगळे सारखेच. पुतण्याने खंडवा सोडताना ऑसमँडमध्ये सहज चाललेल्या वाटेची नोंद सुरू करून ठेवली होती. तिची बारीक रेघ पडद्यावर दिसत होती. तिच्यावरून बोट न हलवता आम्ही डांबरी रस्त्याला लागलो.

घरी आल्यावर चौकशी बसवली. जलाशयाचा विस्तार सुमारे ९१३ चौरस किलोमीटर, पूर्ण संचयपातळी २६२.१३ मीटर. पावसाळ्याअखेर पाणी त्या पातळीकडे चढते आणि उन्हाळ्यात उतरते. सपाट जमिनीवर पातळी थोडी चढली तरी काठ कितीतरी आत सरकतो. ॲपमधली रेघ उन्हाळ्यातल्या उपग्रहचित्रावरून ओढलेली असावी. सर्वेक्षणाच्या नकाशावर तळाशी पाहणीचे वर्ष छापलेले होते. ते धरणाच्या आधीचे होते, आम्ही ते वाचले नव्हते. तिसरा साक्षीदार, म्हणजे आमची स्मृती. तिच्यावर तर कोणतेच वर्ष छापलेले नसते. रेघा तिन्हींत खऱ्या होत्या. फक्त त्या ऑक्टोबरच्या नव्हत्या. नकाशाला ऋतू नसतो.

या निमित्ताने आमच्याच माळव्यातले सिरोंज आठवले. देशाच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८२४-२५ मध्ये तेथे पायारेषा साखळीने मोजली होती. अधिक चांगल्या मोजपट्ट्या हाती आल्यावर १८३७-३८ मध्ये तीच रेषा पुन्हा मोजण्यात आली. आपलेच मोजमाप पुन्हा तपासण्याची ही तयारी आम्हाला त्या अचूकतेहून मोठी वाटते.

तेव्हा आमची निवड झाली ती पुढील कसोट्यांवर. नकाशा रेंजवाचून संपूर्ण चालावा. समोच्च रेषा दिसाव्यात, म्हणजे उतार कोठे पाण्याकडे जातो ते कळते. आलेल्या वाटेची नोंद राहावी आणि ती दुसऱ्या ॲपलाही देता यावी. रेघ कोणी आणि केव्हा काढली हे शोधता यावे. ओपनस्ट्रीटमॅपवर तो इतिहास पाहता येतो. आणि चूक आढळली तर ती दुरुस्त करता यावी. म्हणून ऑसमँड मुख्य वाटाड्या, ऑरगॅनिक मॅप्स सौ.च्या फोनवर जोडीला, आणि कागदी नकाशा, तळाचे वर्ष वाचून. परदेशी प्रवासी बाळगतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे आपल्याकडे सरकारी परवान्यावाचून वापरता येत नाहीत. म्हणून जाण्याचा मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा तिकडे गेलो. पाणी दूर सरले होते. तोच रस्ता, भेगाळलेल्या गाळाखालून वर आलेला, बाभळींच्या सांगाड्यांमधून पुढे जात होता. आम्ही कितीतरी आत गेलो, एका पडक्या चौथऱ्यापाशी उतरलो, आणि सौ.ना दाखवायचे ते दाखवले. परतताना पुतण्याने सामायिक नकाशात त्या वाटेवर टीप लिहिली: पावसाळ्यानंतर पाण्याखाली. ती माहिती आमची नव्हे, त्या शेतकऱ्याची. त्याचे नाव विचारायचे मात्र आमच्याकडून राहून गेले.