सीपॅप मशीनमुळे दात किडतात का?

"डॉक्टर, घोरणं थांबलं, पण दात चालले. हे मशीनमुळेच ना?" मुरूड, रेवदंड्याकडून येणारे रुग्ण हा प्रश्न मला अनेकदा विचारतात. तुमच्याही मनात तो असेल, तर उत्तर आधीच सांगतो. मशीन दात किडवत नाही. दात किडतात ते कोरड्या तोंडामुळे आणि त्यात रेंगाळणाऱ्या साखरेमुळे. हा फरक समजून घ्या, कारण दातांच्या भीतीने मशीन कपाटात ठेवून देणारी माणसं मी पाहतो. त्यांच्या दातांपेक्षा मला त्यांच्या हृदयाची काळजी जास्त वाटते.

झोपेत काय होतं?

स्लीप ॲप्नियात झोपेत घशाचा मार्ग पुन्हा पुन्हा बंद होतो आणि श्वास किमान १० सेकंद अडतो. तासाला ३० किंवा त्याहून जास्त वेळा असं झालं, तर आजार तीव्र समजतात. हवा मिळावी म्हणून माणूस तोंड उघडं टाकून झोपतो आणि सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते. म्हणजे तोंड कोरडं पडणं हे बहुतेक वेळा मशीन येण्याआधीच सुरू झालेलं असतं.

आता लाळेचं काम बघा. आपल्या तोंडात दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुते, जंतूंनी केलेलं आम्ल सौम्य करते आणि दाताला कॅल्शियम, फॉस्फेट परत देते. तोंडाचा पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. झोपेत लाळ मुळातच कमी होते. त्यात तोंड उघडं राहिलं, तर उरलेलीही सुकते. मधुमेह असेल किंवा रक्तदाबाची, ॲलर्जीची, नैराश्याची काही औषधं चालू असतील, तर कोरडेपणात आणखी भर पडते.

मग मशीनचा संबंध काय?

सीपॅप १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी जगासमोर आणलं. दाबाखालची हवा घसा उघडा ठेवते, इतकं साधं त्याचं तत्त्व आहे. पण मास्क फक्त नाकावर असेल आणि झोपेत तोंड उघडलं, तर हीच हवा नाकातून शिरून तोंडावाटे रात्रभर बाहेर वाहते. "आमच्याकडची हवा तर दमट, तोंड कसं सुकेल?" असंही मला विचारतात. दमट हवासुद्धा शरीरात गेल्यावर तापते, आणि तापलेली हवा जास्त ओलावा शोषते. खोलीत एसी असेल तर विचारूच नका.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकांच्या खालच्या दातांना हिरडीलगत एका ओळीत कीड लागली होती. मशीन ते नियमित लावायचे. चौकशी केल्यावर काकू म्हणाल्या, "रात्री घसा सुकतो, म्हणून उशाशी कोकम सरबत ठेवते." आंबट आणि गोड पेय, तेही लाळ नसलेल्या तोंडात, रात्रीतून तीन-चार वेळा! काकांनी सरबत दुपारच्या जेवणाकडे हलवलं, उशाशी साधं पाणी आलं आणि मास्क बदलला. मशीन मात्र चालूच राहिलं.

तुम्ही काय कराल?

• सकाळी तोंड कोरडं पडत असेल, तर ज्यांनी मशीन दिलं त्यांना सांगा. ह्युमिडिफायर, हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क यांपैकी काहीतरी लागू पडतं. नाक चोंदत असेल, तर आधी त्यावर उपचार करून घ्या.

• ह्युमिडिफायरमध्ये डिस्टिल्ड वॉटरच घाला. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणी त्यात क्षारांचे थर साचवतं.

• झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा आणि फेस थुंकून टाका. लगेच खळखळून चूळ भरू नका. त्यानंतर पाण्याशिवाय काही नको. खडीसाखर किंवा खोकल्याची गोड गोळी तोंडात धरून झोपू नका.

• मिश्री लावत असाल, तर सोडा. ती तंबाखूच आहे. हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

• दर सहा महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे जा आणि सीपॅप वापरत असल्याचं त्यांना आवर्जून सांगा. सौम्य किंवा मध्यम ॲप्नियात खालचा जबडा पुढे धरणारं उपकरण ते बनवून देऊ शकतात. पण ते बसवायला पुरेसे मजबूत दात लागतात. दात जपण्याचं हे आणखी एक कारण.

वादळात वीज गेली की मशीन बंद पडतं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ धडकलं, त्यानंतर आपल्याकडे अनेक गावांनी कित्येक रात्री अंधारात काढल्या. तेव्हा पावसाळ्याआधीच इन्व्हर्टरची किंवा बॅटरीची सोय बघा. वीज नसेल त्या रात्री उताणं न झोपता कुशीवर झोपा आणि दारू, झोपेच्या गोळ्या टाळा.

किडलेला दात भरता येतो, काढता येतो, नवा बसवताही येतो. रात्री श्वास अडत राहिल्यामुळे वाढणारा रक्तदाब आणि दिवसा गाडी चालवताना लागणारी डुलकी यांना मात्र अशी सोपी दुरुस्ती नाही. म्हणून मशीनबद्दल तक्रार असेल तर जरूर घेऊन या, पण मशीन चालू ठेवूनच या.